काकांचा ‘ना’ कुठे गेला?



गेल्या महिन्यात इंदूरहून भाच्याचा फोन आला. तो तिथे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि होस्टेलच्या खोलीत लॅपटॉपवर गाणी बनवतो. आमच्या लहानपणी गाणं बसवत असत, आता बनवतात. म्हणाला, ‘‘मामा, खऱ्या तबल्याचे सॅम्पल आहेत का तुझ्याकडे? नेटवरचे सगळ्यांनी वापरून झालेत.’’

मी ऐटीत सांगितलं, ‘‘सहाशे आहेत. काका आजोबांच्या हातचे. रात्री पाठवतो.’’

ती रात्र उगवायला तीन आठवडे लागले. या वेळचा लेख त्या तीन आठवड्यांचा आहे.

ज्यांना या भानगडी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. सॅम्पल म्हणजे आवाजाचा छोटा तुकडा. तबल्यावरचा एक ‘ना’, झांजेचा एक ठोका, तंबोऱ्याची एक छेड. असे तुकडे संगणकावर साठवायचे आणि कीबोर्डच्या पट्ट्यांवर लावून वाजवायचे. आज सिनेमापासून जाहिरातीपर्यंत तुम्ही ऐकता त्यातला बराच ताल असाच जुळवलेला असतो. हौशी माणूससुद्धा दोन-चार वर्षांत हजारो तुकडे जमवतो. माझ्या हार्ड डिस्कवर ४३ हजार फायली आहेत. नावं विचाराल तर ‘किक ०७’, ‘न्यू रेकॉर्डिंग १४’, ‘फायनल’, ‘फायनल खरंच’. काकूच्या फडताळात चाळीस डबे आहेत आणि एकावरही चिठ्ठी नाही, पण काकू डोळे मिटून हिंग काढते. मला ते जमत नाही, म्हणून मी सॉफ्टवेअर वापरतो.

हे काम करणारी सॉफ्टवेअर बरीच आहेत. ‘सोनोनिम’ला एक आवाज द्या, तो तुमच्या संग्रहातले त्याच्यासारखे आवाज शोधून समोर ठेवतो. ‘एक्सओ’ ढोल-ताशांच्या जातीचे आवाज ठिपके करून पडद्यावर पसरतो, सारखे ठिपके जवळजवळ. ‘रीपर’सारख्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही फायलींची सूची करायची सोय असते. आतलं काम साधारण सारखंच. आधी फोल्डर वाचायचे. मग प्रत्येक फाइल किती लांब, आवाज किती झटकन उठतो, किती वेळ रेंगाळतो, खर्जाचा आहे की चिरका, सूर लागतो का, लय कोणती, हे आकड्यांत काढायचं. त्या आकड्यांवरून ‘हा ढोल’, ‘ही झांज’ असा अंदाज करून चिठ्ठी लावायची आणि सगळं एका सूचीत नोंदवायचं. ४३ हजार फायलींचं हे काम माझ्या जुन्या लॅपटॉपनं एका रात्रीत केलं. माणसाला वर्ष लागलं असतं.

आता काकांच्या तबल्याविषयी. आमचं घर माधवगंजात, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात. काका एजी ऑफिसातून निवृत्त झाले. नोकरी पोटासाठी आणि तबला कीर्तनासाठी, अशी त्यांनी उभी हयात विभागणी केलेली. साथीला बसले की बुवांपेक्षा त्यांच्या हाताकडे बघणारी माणसं असायची. २०२२ च्या जानेवारीत माझ्या लक्षात आलं की चहाचा कप बशीवर ठेवताना त्यांचा उजवा हात थरथरतो. त्यांच्या आधीच लक्षात आलं असणार, कारण तोवर त्यांनी दोन कार्यक्रमांना नाही म्हटलं होतं. मी म्हटलं, ‘‘काका, सगळे बोल एकेक करून रेकॉर्ड करू या का?’’ म्हणाले, ‘‘आज रातीच करू. अच्छे काम में देरी कशाला?’’ आमच्या घरात मराठी वाक्याला हिंदी शेपूट असतंच.

माधवगंजात दिवसा रेकॉर्डिंग करणं म्हणजे भर बाजारात ध्यानाला बसणं. दुकानं मिटली, टेम्पो थांबले की अकराच्या सुमारास आम्ही बसलो. खिडक्यांना रजया लावल्या. काका आधी बोल तोंडानं म्हणत आणि मग वाजवत. ‘‘ना, चाटेवरचा.’’ आणि मग ना. ‘‘तिं, लवेवर.’’ आणि तिं. ‘‘तूं, शाईवरचा, उघडा.’’ प्रत्येक बोल दहा-दहा, पंधरा-पंधरा वेळा, हलका, मध्यम, जोरकस. मध्येच ‘‘थांब, पुडी उतरली’’ म्हणून हातोडी घेत. बाहेर धुकं होतं, दर पंधरा मिनिटांनी सूर उतरत होता. असे दोन रात्री बसलो. पहिल्या रात्रीचे २८० आघात, दुसऱ्या रात्रीचे ३३२.

आणि मग मी ते सगळं सॉफ्टवेअरच्या हवाली केलं आणि विसरलो.

भाच्याचा फोन आला तेव्हा ‘तबला’ असं शोधलं तर एकही फाइल निघेना. दोन तासांनी उलगडा झाला. मी वापरलं त्या सॉफ्टवेअरनं काकांचे बहुतेक ‘ना’ गुराच्या घंटेच्या गटात टाकले होते, ‘ते-टे’ टाळीच्या, आणि डग्ग्याचे ‘घे’ इलेक्ट्रॉनिक बेसच्या. त्याचं फारसं चुकलं नव्हतं. साध्या ढोलाला नेमका सूर नसतो, म्हणून यंत्राला ढोल असाच माहीत. तबल्याची गोष्ट निराळी. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं की आपल्या मृदंग-तबल्याच्या पुडीवर मध्यभागी शाईचं वजन असल्यामुळे तिचे उपस्वर तारेच्या उपस्वरांसारखे मूळ सुराच्या पटीत येतात. म्हणून दायाँ गातो. सुरात वाजणारा, झटकन उठणारा, छोटासा आवाज म्हणजे घंटाच, असा यंत्राचा हिशोब.

सुराचाही घोळ होताच. दायाँ काळी एकमध्ये लावलेला होता, तिथे यंत्रानं ‘सी शार्प’ अशी चिठ्ठी बरोबर लावली. डग्ग्याच्या घिश्श्यात सूर सरकत वर जातो, तिथे त्यानं मधलाच कुठला तरी सूर पकडला. आणि चिपळ्या? काकांनी हौसेनं चिपळ्याही वाजवल्या होत्या. चिपळीला कसला सूर! पण यंत्रानं सगळ्या चिपळ्या पांढरी पाचमध्ये टाकल्या. मी चक्रावलो. मग कान देऊन ऐकलं तर मागे बारीक घूं असा आवाज. त्या रात्री लाईट गेली होती आणि इन्व्हर्टर चालू होता. आपल्या विजेची गुणगुण ५० हर्ट्‌झची, आणि खर्जातली पांढरी पाच ४९ हर्ट्‌झची. यंत्र चिपळ्या सोडून आमचा इन्व्हर्टर ऐकत होतं.

तालाची गंमत वेगळीच. काकांनी रूपकाची काही आवर्तनं वाजवली होती. या सॉफ्टवेअरची घडण चार-चार मात्रांच्या संगीतावर झालेली, त्यानं सात मात्रांना आठाच्या चौकटीत बसवलं आणि शेवटी एक मात्रा रिकामी ठेवली. काकांना ऐकवलं तर म्हणाले, ‘‘ही आठवी कुणाची? उधारीची?’’

इथपर्यंत हसण्यावारी नेता आलं. यापुढचं नाही आलं.

फायली सापडल्यावर मोजल्या. ६१२ हव्या होत्या. निघाल्या ४१.

हे पाप सॉफ्टवेअरचं नाही, माझं आहे. रेकॉर्डिंगनंतर महिनाभरानं मी डिस्क ‘स्वच्छ’ करायला स्वतःच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. बी. ई. आहे, दिवसभर हेच करतो, वाटलं दहा ओळींचं काम. त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, फाइलच्या सुरुवातीची शांतता आणि बडबड कापायची. दोन, ९५ टक्के सारख्या दोन फायली दिसल्या तर एक ठेवायची, दुसरी पुसायची. कापाकापी मूळ फाइलवरच, जागा वाचावी म्हणून.

आता हिशोब पाहा. माझं रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, एका माइकचं. म्हणजे सेकंदाला १ लाख ४४ हजार बाइट, मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास. तासाभराची एक रात्र ५०० एमबी. फोनवर लग्नाचा एक व्हिडिओ याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेसाठी मी तो प्रोग्रॅम चालवला.

यात दोन चुका होत्या आणि दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली सारखेपणाची. तीच फाइल दोनदा उतरवली गेली तर तिचा प्रत्येक बाइट जुळतो. ती खरी नक्कल, ती खुशाल पुसावी. काकांनी दहा वेळा वाजवलेला ‘ना’ दहा वेळा वेगळा असतो, कानाला सारखा वाटला तरी. उलट सॅम्पल वाजवणाऱ्यांना हवे असतात ते हेच दहा. एकच ‘ना’ पुन्हापुन्हा वाजवला तर शिवणयंत्र चालल्यासारखं ऐकू येतं, म्हणून चांगल्या संग्रहात एका बोलाचे अनेक आघात ठेवतात आणि ते पाळीपाळीनं वाजतात. मी नेमके तेच जादा समजून पुसले. नंतर काकांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘‘दोन ना सारखे आले असते तर मी पन्नास साल रियाज कशाला केला असता?’’

दुसरी चूक मोठी. प्रोग्रॅमनं ‘बडबड’ म्हणून जे कापलं तो काकांचा आवाज होता. ‘‘ना, चाटेवरचा.’’ ‘‘थांब, पुडी उतरली.’’ प्रत्येक आघाताची चिठ्ठी काका स्वतःच्या तोंडानं लावत होते आणि मी ती कचरा समजून काढून टाकली.

दुसरी रात्र वाचली, कारण तिचं मूळ रेकॉर्डिंग छोट्या रेकॉर्डरच्या कार्डात तसंच पडून होतं. पहिल्या रात्रीचं मूळ मी आधीच कार्डातून पुसलं होतं, दुसऱ्या रात्रीसाठी जागा हवी म्हणून. त्या रात्रीचे २८० पैकी १९ आघात उरले आहेत. बिनआवाजाचे, बिननावाचे.

काका आता तबला वाजवत नाहीत. कप धरायलाही दोन्ही हात लागतात. पुन्हा रेकॉर्ड करू या, असं म्हणायची सोय नाही.

पण कान शाबूत आहेत. एका रविवारी ते १९ आघात घेऊन त्यांच्याजवळ बसलो, कानाला हेडफोन लावून दिले. पहिला ऐकून म्हणाले, ‘‘तिं. पण बोट जरा आत पडलंय.’’ दुसरा, ‘‘हा पुडी उतरायच्या आधीचा.’’ तिसरा, ‘‘तूं.’’ अकरावा ऐकून त्यांनी हेडफोन काढला आणि माझ्याकडे बघितलं. ‘‘हा माझा नाही. हा तू वाजवलायस.’’ मला आठवलं, मध्ये ते पाणी प्यायला उठले तेव्हा मी एक टिचकी मारून पाहिली होती. ४३ हजार फायली एका रात्रीत लावणाऱ्या यंत्राला हे कधी कळलं नसतं. त्याच्या लेखी तो आघात काकांच्या ‘ना’शी ९५ टक्के सारखाच होता.

त्या दिवशी मला आपल्याच गावातली एक जुनी गोष्ट आठवली. १९१८ मध्ये इथे माधव संगीत विद्यालय सुरू झालं, त्यामागे पंडित विष्णु नारायण भातखंडे होते. पेशानं वकील. त्यांनी देशभर फिरून घराणेदार गवयांकडून चिजा मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. राग दहा थाटांत लावले. त्या वर्गवारीवर तेव्हाही वाद झाले, आजही होतात. अमुक राग तमुक थाटात कसा, असं गवई अजून विचारतात. पण चीज कोणत्या रागातली, कोणत्या तालातली हे तिच्या डोक्यावर लिहिलेलं राहिलं. थाट चुकला तर पुढचा माणूस दुरुस्त करू शकतो. चीजच उतरवली नसती तर दुरुस्त करायला काही नसतं. सॉफ्टवेअरनं ‘ना’ला घंटा म्हटलं ती थाटाची चूक होती, पाच मिनिटांत सुधारली. माझी चूक दुसऱ्या जातीची होती.

चिठ्ठीवर वाजवणाऱ्याचं नाव का हवं, त्याचीही एक गोष्ट सांगतो. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या ‘द विन्स्टन्स’ या बँडच्या एका गाण्यात ग्रेगरी कोलमन यांनी साधारण सात सेकंद एकट्यानं ड्रम वाजवले. पुढे सॅम्पलिंग आलं आणि तो तुकडा हजारो गाण्यांत वापरला गेला. संगीत बनवणारी मुलं त्याला ‘आमेन ब्रेक’ म्हणून ओळखतात. माझा भाचाही ओळखतो. वाजवणाऱ्याचं नाव विचारलं तर त्याला माहीत नव्हतं. कोलमन यांना त्या तुकड्याचा एक पैसा मिळाला नाही, २००६ मध्ये ते हलाखीत गेले. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे २४ हजार पौंड दिले, तेव्हा कोलमन यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आता तुमच्या उपयोगाचं. तुम्ही गाणी बनवत नसाल, पण घरात आवाज असतातच. आजीच्या ओव्यांची कॅसेट, आजोबांनी गणपतीत म्हटलेली आरती, आत्याचं फोनवरचं एखादं लांबलचक निरोपाचं रेकॉर्डिंग. त्यांची व्यवस्था अशीच लावता येते. मी आता काय करतो ते सांगतो.

मूळ रेकॉर्डिंगला हात लावायचा नाही. ‘मूळ’ नावाचा फोल्डर, आणि त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरात. माझी दुसरी प्रत आता बहिणीकडे इंदूरला आहे. कापायचं, स्वच्छ करायचं ते नकलेवर.

माणसाला बोलू द्यायचं. कोण, काय, केव्हा, कुठे हे त्याच्याच तोंडून सुरुवातीला रेकॉर्ड करायचं. ‘ऑडॅसिटी’ हे फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं. लांब रेकॉर्डिंगमध्ये जिथे एकेक तुकडा सुरू होतो तिथे खूण करून नाव लिहायचं आणि शेवटी एका आज्ञेत सगळे तुकडे त्या-त्या नावानं वेगळे काढायचे. दुसऱ्या रात्रीचे ३३२ आघात मी असेच काढले, काकांचं ऐकत, ते सांगतील ते लिहीत. चार संध्याकाळी गेल्या.

नाव फाइललाच द्यायचं. सॉफ्टवेअरच्या सूचीतल्या चिठ्ठ्या बऱ्याचदा सूचीतच राहतात. फाइल दुसऱ्या संगणकावर गेली की मागे पडतात. माझ्या फायलींची नावं आता ‘काका – दायाँ – काळी एक – ना – मध्यम – ०३ – माधवगंज २०२२’ अशी आहेत. लांबलचक आहेत, पण वीस वर्षांनी कुठल्याही यंत्रावर वाचता येतील.

वापरायची परवानगीही विचारून ठेवायची, घरच्या माणसालासुद्धा. मी काकांना विचारलं, भाच्यानं गाण्यात वापरलं तर चालेल ना? म्हणाले, ‘‘वापर म्हणावं. फक्त आठवी मात्रा घालू नको.’’

आणि यंत्राला त्याचं काम करू द्यायचं. हे सगळं झाल्यावर ते ३५१ आघात मी पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये टाकले. आता भाचा हलका ‘तिं’ ऐकून त्याच्यासारखे बाकीचे क्षणात काढतो. ते काम मी कधीच करू शकलो नसतो.

३५१ म्हणजे ३३२ आणि १९. तो अकरावा, माझ्या हातचा, मी काढणार होतो. काका म्हणाले, ‘‘राहू दे. नाव मात्र तुझं लिही.’’ म्हणून त्या एका फाइलवर काकांच्या नावाच्या जागी माझं नाव आहे.

भाच्यानं परवा एक तुकडा बनवून पाठवला. रूपक आहे, सातच मात्रा. खाली त्यानं आपलं नाव लिहिलंय आणि त्याच्या आधी काका आजोबांचं. काकांनी फोन कानाशी धरून दोनदा ऐकला, मग काकूला हाक मारून तिसऱ्यांदा. काकू म्हणाली, ‘‘डग्गा जरा दबलाय.’’ भाच्याला कळवलंय.

तुमच्या घरी असा कुणाचा आवाज कॅसेटमध्ये किंवा जुन्या फोनमध्ये पडून असेल, तर तो ओळखणारं माणूस घरात आहे तोवर एक रविवार काढा. अडलं तर मंडळाच्या पत्त्यावर मला लिहा. जमेल तेवढी मदत करीन, तुमची मूळ फाइल मात्र मी मागणार नाही, नक्कलच पाठवा.

पुढच्या अंकात भेटूच.